कागल गटाची यादी

कारखान्यात नोकरीला लागताना अर्जातला शिक्षणाचा रकाना मी रिकामा सोडला होता. माझी शाळा आठवीतच सुटली, तिकडे गोंदियाकडे. टायपिंगचा हात मात्र चालायचा, म्हणून कागलजवळच्या त्या साखर कारखान्यात ऊसतोडीच्या याद्या करायला मला घेतलं. सहा महिने बघू, मग कायम करू, म्हणाले. रोज उचगावहून एसटीनं जाताना एकच धास्ती असायची, आज कुणीतरी तो रकाना बघणार.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं ती. कॉम्प्युटरच्या काचेच्या खोलीत चपला बाहेर काढूनच जायचं. यंत्र एकच, त्याला चार पडदे जोडलेले. पण ज्याच्यापुढं जो पडदा, त्याला वाटावं अख्खं यंत्र आपलंच आहे. आधी आम्ही सगळे एकाच नावानं काम करायचो. मग पुण्याहून इंजिनिअर साहेब आले आणि त्यांनी प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड करून दिला.

त्यानंतरच्याच एका सोमवारी मी कागल गटाची यादी उघडायला गेले. कुणाच्या रानात तोड कधी येणार ते बघायला माणसं सकाळपासून बाहेर उभी होती. बाराच्या आत यादी फळ्यावर लागायला हवी होती. पडद्यावर इंग्रजीत दोनच शब्द आले. परमिशन डिनाइड. परवानगी नाही. तेवढं इंग्रजी मला कळत होतं.

रकाना कुणीतरी बघितला, मला काढलं, आणि माझ्याआधी यंत्राला सांगून ठेवलं, असंच वाटलं मला.

शेजारच्या पडद्यापुढं आमचे हेडक्लार्क अण्णा. त्यांचा आवाज पार ऊस टाकायच्या गव्हाणीपर्यंत जायचा.

"काय गं, भूत बघितलंस काय?"

"मले काढलं का जी?" घाबरले की माझी घरची बोली बाहेर पडायची.

"तुला कोन काढतंय? उघड की परत."

उघडेना. त्यांच्या पडद्यावर मात्र लगेच उघडली.

"हे बघ, हितं हाय की! छापतो मी. आन् तू गप बस."

बाहेरच्या लोकांची सोय झाली, पण माझा जीव थाऱ्यावर येईना. साहेबांनी सांगितलेलं मी वहीत देवनागरीत उतरवून ठेवलं होतं. 'अडलं तर आधी बघायचं, सगळंच अडलंय की एकच.' मी हुपरी गटाची यादी उघडून बघितली. उघडली. एक कोरी यादी करून ठेवली, तीही राहिली. म्हणजे मला काढलेलं नव्हतं! मग सगळ्या याद्यांची नावं पडद्यावर मागवली. प्रत्येकीपुढं ती कुणाची ते लिहिलेलं असायचं. सगळ्या माझ्या. कागलचीच तेवढी अण्णांची.

"अण्णा, ही तुमच्या नावावर कशी?"

अण्णा पहिल्यांदाच हळू बोलले. "शनिवारी तुला ताप हुता न्हवं? लावून दिली घरला. उरलेलं मी केलं. नवी उतरवली, जुनी पुसून टाकली. म्हटलं, पोरीला कुणी बोलाय नगं."

नवी यादी ज्यानं केली त्याची झाली, आणि यंत्रानं ती मला बंद केली. ती आता त्यांनाच माझ्या नावावर करून देता येणार होती. त्यासाठीच्या हुकमाची वहीतली अक्षरं मी एकेक वाचत गेले, अण्णा एका बोटानं दाबत गेले. यादी माझ्या पडद्यावर उघडली तेव्हा मला रडूच आलं, आणि त्या भरात रकान्याचं सगळं सांगून टाकलं.

"ठावं हाय की. अर्ज माझ्याच हातनं वर गेलाय. मोकळा रकाना मला दिसत न्हाय व्हय? तुझं काम बघितलं, झालं."

दुसऱ्या दिवशी अर्ज मागून घेतला आणि त्यात 'आठवी' लिहिलं. अण्णांनी शेजारी सही केली.

"अक्षर लई घाण हाय गं तुझं," म्हणाले, "तू आपलं टायपिंगच कर."