मागं ऐकू येतंय का?

माईकचा आवाज वाढवणारा हा जुना प्रीअँप तापला, की जळक्या धुळीचा वास सुटतो आणि मी मनानं शेळगावच्या घरात जाऊन बसतो. त्या रात्री तिथं मी वडिलांचा, आबांचा आवाज रेकॉर्ड करायला बसलो होतो; दुसऱ्या दिवशी बारामतीला त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. आवाज राहील का, ते डॉक्टर सांगत नव्हते. आबा जेमतेम कुजबुजत, म्हणून मी प्रीअँपचं बटण फिरवत गेन, म्हणजे आवाजाची पातळी, वाढवत गेलो. पण समोर माईक दिसताच, गावच्या सभा गाजवलेल्या आबांनी त्यावर फुंकर मारली आणि जीव खाऊन ओरडले, “हॅलो, मागं ऐकू येतंय का?”

पातळी ओलांडल्याचा लाल दिवा पेटला, आवाज फाटला.

“आबा, हळू! पुन्हा बोला.”

“आता न्हाय निघत रं.”

त्यांच्या आवाजाचं तेवढंच रेकॉर्डिंग राहिलं. आज ते लावलं, की या रिकाम्या खोलीत मी हळूच म्हणतो, “येतंय, आबा.”