सरदाराची उंची

माझं लग्न एका खांबावर अडलं होतं, असं सांगितलं की नातसुना पदर तोंडाला लावून हसतात. हसू देत. त्यांची लग्नं कशावरून अडली होती ते मला माहीत आहे.

तेव्हा कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं, कुस्त्यांचं नवं मैदान बांधायला काढलं होतं, आणि आमच्या पेठेतल्या प्रत्येकाचा खापरपणजा कुठल्या ना कुठल्या लढाईत गाजलेला होता. आमच्या अप्पांना ती सोय नव्हती. अप्पा गुळाचे अडते, त्यांचे वडीलही गुळाचेच अडते. राहतं घर अप्पांनी विकत घेतलेलं. काळ्या दगडाचं, भल्यामोठ्या दरवाजाचं. पण मुळात ते कुणी बांधलं, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. आम्हीही कधी विचारलं नाही.

विचारायची वेळ आणली गडहिंग्लजच्या स्थळानं. मला अठरावं सरलेलं, म्हणजे तेव्हाच्या मानानं मी चांगली घोडनवरी. दोन ठिकाणची बोलणी फिसकटलेली. हा मुलगा मात्र मी पाहिला होता. नृसिंहवाडीला घाटाच्या ओल्या पायरीवरून तो घसरला आणि थेट पाण्यात जाऊन बसला. मला हसू आवरेना. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि बसल्या जागी तोही हसायला लागला. स्वतःवर हसणारा पुरुष मी त्याआधी आमच्या घरात तरी पाहिला नव्हता. मला तो आवडला. मला कुणी विचारलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मुलाच्या आजोबांनी, म्हणजे अज्जांनी, निरोप धाडला. “पोरगी चांगली हाय म्हंत्यात. पर घर कुणाचं? आमी ऱ्हातोय ते सरदाराचं घर हाय. बरोबरीचं असंल तर बोलू.” महिनाअखेरीला ते स्वतः घर बघायला येणार होते.

अप्पांनी त्याच दिवशी संशोधनाला सुरुवात केली. त्यांची पद्धत सरळ होती. पेठेतलं म्हातारं माणूस गाठायचं, हातावर गुळाचा खडा ठेवायचा आणि घराचा इतिहास विचारायचा. पहिल्या खड्याला घर एका शिलेदाराचं निघालं. दुसऱ्याला जरा मोठा खडा दिला, तर शिलेदाराचा सरदार झाला. शेजारी तलवारींना धार लावणारे शिकलगार चाचा होते. त्यांनी अख्खी ढेप मांडीवर घेतली आणि आपल्या आज्यानं याच घरातल्या तलवारीला धार लावल्याचं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. अव्वा, म्हणजे माझी आई, आतून म्हणाली, “आनि एक ढेप द्या. छत्रपतीच ऱ्हायलंते म्हनतील.”

पण अप्पांना हवा होता पुरावा, आणि तो त्यांना अंगणातच सापडला. अंगणात एक दगडी खांब होता. त्याची एक बाजू घासून घासून आरशासारखी गुळगुळीत झालेली. अप्पांनी त्याच्याभोवती चार चकरा मारल्या आणि जाहीर केलं, की सरदार रोज या खांबाला पाठ टेकून लोकांची गाऱ्हाणी ऐकत असणार. खांबाजवळच्या दगडी डोणीत सरदाराचा घोडा पाणी प्यायचा. भिंतीतली लोखंडी कडी त्याच घोड्याची.

अव्वानं खांबापाशी उभं राहून पाहिलं. चकाकी तिच्या छातीपर्यंतसुद्धा पोचत नव्हती.

“सरदार बुटका हुता व्हय?”

“पूर्वीची मानसं बुटकीच असायची,” अप्पा म्हणाले.

“आनि त्येला दिवसभर पाठ घासन्याबिगर दुसरं काम न्हवतं?”

दुसऱ्या दिवसापासून खांबाला विभूती आणि फूल सुरू झालं, आणि त्याला कुणी टेकलं की अप्पा अंगावर यायचे.

अज्जा आले. पांढऱ्याशुभ्र मिशा, हातात अडकित्ता, चेहऱ्यावर कसलंच कौतुक नाही. त्यांच्या मानासाठी अप्पांनी मोठ्या दरवाजाच्या दोन्ही फळ्या उघडायला लावल्या होत्या. एरवी आम्ही त्यातल्या लहान दिंडी दरवाजातूनच ये-जा करायचो. मी माजघराच्या दारामागे उभी होते. अप्पा रंगात आले होते. सरदार खांबाला टेकला होता, गाऱ्हाणं ऐकत होता, आता निवाडा देणार, एवढ्यात आमच्या गवळ्याची म्हैस आली.

ती रोजच यायची. दारात उभी राहायची, गवळी धार काढून द्यायचा, की पुढच्या घरी. आज तिला सगळा दरवाजाच उघडा मिळाला. ती संथपणे आत आली, अज्जांच्या पुढ्यातून गेली, डोणीत तोंड घालून पाणी प्यायली आणि मग खांबाला मान, खांदा, पाठ लावून घासायला लागली. डोळे मिटून. चकाकी जिथून सुरू होत होती तिथून म्हैस सुरू होत होती, आणि जिथे संपत होती तिथे म्हैस संपत होती. विभूती तिच्या खांद्याला लागली, फूल तिनं खाल्लं.

“चल की गं,” गवळी दारातून म्हणाला. त्याला इतिहासाची काही कल्पना नव्हती.

मला रडू कोसळलं. लाज वाटली, त्याहून जास्त संताप आला; म्हशीचा, अप्पांचा, त्या सगळ्या खडे चघळणाऱ्या म्हाताऱ्यांचा. तो घाटावरचा हसरा मुलगा आता गेलाच, असं मला अगदी स्पष्ट दिसलं.

अज्जा मात्र खांबाकडे बघत राहिले. डोणीकडे बघितलं, कडीकडे बघितलं. उठून त्या गुळगुळीत दगडावरून हात फिरवला. मग अप्पांकडे न बघता म्हणाले, “पावणं, सुपारी फोडूया.”

म्हणजे लग्न ठरलं, पण ते तयार कसे झाले, हे आमच्या घरात कुणालाच कळलं नाही. अप्पांनी पुढे जन्मभर त्याचं श्रेय सरदाराला दिलं.

लग्न झालं. गडहिंग्लजला माप ओलांडून आत गेले. सासूबाई मला सोप्यात घेऊन गेल्या. तिथल्या एका दगडी खांबाला रेशमी वस्त्र गुंडाळलं होतं, हार घातला होता. “आमच्या मूळपुरुषाची जागा,” त्या म्हणाल्या. “हितं टेकून न्यायनिवाडा करायचे. वाक, पाया पड.”

मी वाकले. वस्त्र जरा सरकलेलं होतं. आतला दगड आरशासारखा चकाकत होता, आणि चकाकी माझ्या छातीपर्यंतसुद्धा पोचत नव्हती.

मान वर केली. अज्जा कोपऱ्यात बसून सुपारी कातरत होते. माझ्याकडे मुद्दाम बघत नव्हते. सासूबाई आत वळल्यावर मी हळूच विचारलं, “अज्जा, मूळपुरुष उंचीला किती होते?”

अडकित्ता थांबला.

“तुज्या म्हायेरच्या सरदाराएवढंच की,” अज्जा म्हणाले, आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले.