चिठ्ठीवरचं गाव

सोयराबाई मोऱ्यांनी एका संशोधन संस्थेत एकतीस वर्षं किड्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या. किडा कुठे सापडला, कधी, कोणी पकडला, एवढं सगळं नखाएवढ्या कागदावर मावायला हवं. संस्थेत सगळे त्यांना अक्का म्हणत. निवृत्तीनंतर त्या बसवनगुडीत थोरल्या भावाकडे, दामोदरअण्णांकडे राहत होत्या.

एका सकाळी संस्थेतली गौरी आली. ही पुण्याची मुलगी झाडांवर राहणाऱ्या सडपातळ प्रार्थनाकीटकांचा, म्हणजे खंडोबाच्या किड्यांचा, अभ्यास करत होती. कुठली जात कुठे आढळते, याचा नकाशा ती तयार करत होती.

"अक्का, हा तुम्हीच पकडलेला ना?" तिनं फोटो दाखवला. काडीसारखा लांबोडका किडा, खाली चिठ्ठी: बसवनगुडी, खोडावर, १९९३.

"होय गं! आमचा खंडोबाचा किडा. मी पकडलेला पहिलाच."

"याचे सगळे भाईबंद घाटातल्या ओल्या जंगलात सापडलेत. हा एकटाच इथे, कोरड्या मुलखात. मानही जास्त लांब. मला वाटतं, ही वेगळीच जात आहे." गौरी जरा घुटमळली. "तिला तुमचं नाव द्यायचं म्हणते."

जन्मभर दुसऱ्यांची नावं लिहिलेल्या सोयराबाई खुर्चीतून उठल्या. कॉफीच्या निमित्तानं त्या आत गेल्या, आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या.

"गौरी, खोड म्हणजे उभं झाड नव्हे. तेव्हा घरामागेच अण्णाची लाकडाची वखार होती. घाटातल्या आगुंब्याकडून लॉरी आली, तिच्यातल्या ओंडक्यावर हा बसला होता. संस्थेतल्या साहेबांनी विचारलं, कुठे मिळाला? मी म्हटलं, घरी. खोटं नव्हतं, पण लॉरीचं मी गिळलं. घाटातला म्हटलं असतं, तर एवढं कौतुक कुठलं झालं असतं?"

गौरीनं फोटो पुन्हा निरखला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे ही घाटातल्याच जातीची मादी असणार, म्हणून मान लांब. नुसत्या मानेवर नवी जात नाही मांडता येत."

"नाव गेलं म्हण की!" सोयराबाई हसल्या, पण कॉफीचा पेला त्यांनी उचलला नाही.

"नकाशावरचा इथला ठिपका मी काढून टाकते, अक्का."

"स्वल्प थांब. ठिपका तू काढशील. चिठ्ठीचं काय?"

दोन दिवसांनी त्या रिक्षा करून संस्थेत गेल्या. जुनी चिठ्ठी काढायची नसते. किडा टोचलेल्या टाचणीलाच, तिच्या खाली, दुसरी लावतात. अक्षर मावेना, तीन कागद वाया गेले.

"छापून देऊ?" गौरीनं विचारलं.

"नको."

चौथ्या कागदावर अक्षर जमलं: 'आगुंब्याकडून आलेल्या ओंडक्यावर. दुरुस्ती, सो. मोरे.' गौरीनं चिठ्ठी लावली आणि किडा घाटातल्यांच्या खणात ठेवला.

सोयराबाईंनी चष्मा पुसला. "आता माझ्या हातच्या बाकीच्या चिठ्ठ्याही समोर आण, तपासून बघू," त्या म्हणाल्या आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून बसल्या.