धुराड्यावरचं घमेलं

लग्न झाल्यापासून मला सवत आहे. अरुंद रुळांवर धावणारं, कोळसा खाणारं इंजिन. आमचे हे डोंगरावरच्या छोट्या गाडीच्या शेडमध्ये फिटर होते. भातलावणीला नि शिमग्याला तेवढे गावी कापड्याला यायचे, आणि आले तरी बोलणं तिचंच. तिला दम लागतो, तिची नळी गळते. मी बाळंत झाले तेव्हा ती आजारी होती, म्हणून हे आले नाहीत. ते मी अजून विसरलेले नाही.

पुढे डिझेल आलं, तिला कामावरून काढलं, हेही घरी बसले. आणि नशीब बघा, महाडजवळ हायवेवर एका हॉटेलवाल्या शेठनं नेमकी तीच आणून शोभेला उभी केली. हे बघायला गेले तर शेठ म्हणाला, "काका, हिला जपा. दसऱ्याला खरीखुरी पेटवू." झालं! दर आठवड्याला हे तेलाचा डबा घेऊन निघायचे, गुडघे दुखतात म्हणून सोबत मी.

धुराड्यातून पाणी आत गेलं की काजळीचा चिखल होतो आणि आतल्या नळ्या खातो. म्हणून थंड इंजिनाच्या धुराड्यावर घमेलं पालथं घालायची शेडमधली रीत. यांनी आमचं शेणाचं घमेलं नेऊन घातलं. हॉटेलचा मॅनेजर ते काढून फेकायचा, फोटोत वाईट दिसतं म्हणे. आमच्याकडचा पाऊस काय फोटोसाठी थांबतो? मेल्याशी मी पावसाळाभर भांडले. आम्ही घालायचं, त्यानं काढायचं. दसऱ्याच्या तोंडावर हे तापानं पडले आणि एक खेप चुकली.

दसऱ्याला नारळ नि झेंडूचा हार घेऊन गेलो. लांबूनच शिट्टी ऐकू आली, धूर दिसला. हे गुडघे विसरून धावले. बॉयलरवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. बॉयलर गार होता. शिट्टी कर्ण्यातून वाजत होती. इंजिनाच्या तोंडाचं झाकण उघडं होतं, आत नळ्या नव्हत्याच. तिथे लग्नाच्या स्टेजवर धूर सोडतात ते मशीन बसवलं होतं.

"गंजल्या होत्या आजी, भंगारात दिल्या," मॅनेजर म्हणाला.

गंजल्या! गंजवल्या कुणी? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यांनी मात्र हार तसाच पिशवीत ठेवला आणि चाकामागे पडलेलं घमेलं दाखवलं. म्हणाले, "त्यो घमेला घे गो. शेणाला होईल. चल घरी."

तो शांत आवाज ऐकून मला यांचाही राग आला. उभ्या जन्मात या माणसानं एकदा तरी ओरडावं!

मी घमेलं उचललं, फोटोवाल्यांसाठी लावलेल्या शिडीवर चढले आणि धुराड्यावर पालथं दाबून धरलं. धूर कोंडला आणि खालच्या तोंडातून भसाभस मॅनेजरच्या अंगावर आला.

"आजी, काढा ते!" तो खोकत ओरडला. "तुमचं काय आहे इथे?"

"नाय काढत," मी म्हटलं. "माझी सवत हाय ती. तुझी कोण?"