शून्य टक्के नासाडी

मंगळवार, १४ मार्च. सकाळी पाणी उशिरा आलं. दुपारी धाकटे दीर कामावरून नव्हे, थेट सत्कारातून आले. गळ्यात हार तसाच.

भाऊजी हातमोज्यांच्या कारखान्यात आहेत. उभी नोकरी पॅकिंगमध्ये सुखाने चालली होती. मग साहेब कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि भाऊजी दर्जा सुधारणा विभागाचे प्रमुख झाले. विभागात प्रमुख तेवढे होते, बाकी कोणी नव्हतं. महिनाअखेर नासाडी अर्ध्यावर आली नाही तर पुन्हा पॅकिंग, असं साहेबांनी हसत हसत बजावलं. भाऊजींची झोप उडाली.

पद्धत सोपी होती. महिनाभर न वापरलेल्या वस्तूवर लाल चिठ्ठी लावायची आणि ती भंगारात काढायची. उत्साह इतका, की घरातही चिठ्ठ्या लागल्या. शिवणयंत्रावर लागली तेव्हा माझी जाऊ म्हणाली, "अहो, महिनाभर तुम्हीही घरात कशाला हात लावलेला नाही. तुमची कुठे चिकटवू, कपाळावर?"

कारखान्यात कापायच्या मशीनचा एक जादा पट्टा कपाटात होता. चालू पट्टा शाबूत असल्यामुळे तो कोणी वापरला नव्हता. फोरमन म्हणाला, "राहू द्या, अडीअडचणीला लागतो."

"अडचण येणार असं धरून चालणं, हीच खरी नासाडी," भाऊजी म्हणाले. वाक्य शिबिरातलं असावं. आमच्या घराण्यात असं कोणी बोलत नाही.

पट्टा भंगारात गेला आणि आठवड्याच्या आत चालू पट्टा तुटला. नवा येईपर्यंत मशीन बंद, कामगार बिनपगारी घरी. भाऊजी पॅकिंगची मनाची तयारी करून साहेबांच्या खोलीत गेले. साहेब भिंतीवरचा आलेख न्याहाळत होते. हातमोजे कापलेच नाहीत, तेव्हा एकही बिघडला नाही. नासाडीची रेघ तळाला टेकली होती.

"कमाल केलीत!" साहेब म्हणाले. पद कायम झालं.

"मशीन बंद होतं, हे साहेबांना ठाऊक नाही का?" मी विचारलं.

"ठाऊक आहे की, वहिनी. पण आलेखात त्याला जागाच नाही. आता दुसऱ्या कारखान्यातही पाठवताहेत मला."

मी अभिनंदन केलं. आणखी काय करणार?

चहा केला. भाऊजींनी अर्धा कप तसाच ठेवला. तो मोरीत ओतला.