पेटीवरचा जुना रंग

माझ्या सुनेला मी घरातून घालवणार होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी कीव करायला नको.

आमचं घर ठाण्याच्या खाडीवरच्या कोळीवाड्यात. मी चौथीपर्यंत शिकले आणि मग आईबरोबर बाजारात मासळी विकायला बसले, ती गुडघे जाईपर्यंत बसले. सून कल्याणजवळच्या मोहन्याची. तिचा बाप तिथल्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडल्यावर त्यांच्या घरी एक वेळचं शिजायचं, हे तिने लग्नानंतर भोळेपणाने मला सांगितलं होतं. मी ते लक्षात ठेवलं.

नात जन्मली ती लोळागोळा. रडणं मांजराच्या पिल्लासारखं, दूध ओढायची ताकद नाही. महिनाभर नळीने पाजलं. दोन वर्षांची झाली तरी उभी राहीना. मग तिसरं संपता संपता ती खायला लागली आणि मी खूश झाले. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, वर पुन्हा भात. "बघ गो," मी सुनेला म्हणायचे, "तुझ्या हातचं खात नव्हती. माझ्या हातचं खाते."

मग ती थांबेनाच. जेवून उठली की पुन्हा ताटाशी येऊन बसायची. मांजरांसाठी काढलेली मासळीची डोकी तिने खाल्ली. गच्चीवर जवळा वाळत घातला होता, तो मुठीमुठीने कच्चा खाल्ला. शाळेत दुसऱ्यांचे डबे फोडले. सहाव्या वर्षी ती माझ्या कमरेला लागत होती आणि मला उचलवत नव्हती.

"ही भूक तुझ्या माहेरची," मी सुनेला म्हणायचे. "तुझी आय उपाशी, तू उपाशी. तीच भूक पोटातून आणलीस माझ्या घरात."

"आई, भूक म्हणजे काय सर्दी आहे, लागायला?"

"तोंड चालव. तेवढं चालतं तुझं. ठाकुर्लीची आठवण आहे ना?"

ठाकुर्लीची म्हणजे माझी वहिनी. माझ्या मोठ्या भावाची पहिली बायको. तिला अशीच एक मुलगी झाली होती, आधी लोळागोळा आणि मग खा-खा. वहिनीच्याच रक्तात खोट आहे, असं मी भावाच्या कानात रोज घालायचे. शेवटी त्याने पोरीसकट तिला ठाकुर्लीला माहेरी पाठवलं आणि दुसरी केली. दुसरीला दोन मुलगे झाले, दोन्ही धडधाकट. माझ्यासाठी तो निकाल होता. बाई बदलली, पोरं सुधारली. हे सगळं मी सुनेला पुन्हा पुन्हा ऐकवलं होतं, धाक बसावा म्हणून. मुलासाठी डोंबिवलीची एक मुलगी मी बघूनही ठेवली होती. मुलगा वर्तकनगरला सोसायट्यांमधल्या लिफ्ट दुरुस्त करतो. तो हो म्हणाला नव्हता आणि नाहीही म्हणाला नव्हता. त्याचं सगळं तसंच असतं.

शाळेच्या बाईंनी आग्रह धरला म्हणून नातीला इस्पितळात नेलं. तिथून एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. वंशातून येणारे आजार बघणाऱ्या. वय माझ्या मुलापेक्षा कमी. त्यांनी पोरीचं रक्त घेतलं. निकाल यायला काही आठवडे लागले. त्या दिवशी मी मुद्दाम बरोबर गेले.

"आजी," त्या म्हणाल्या, "आपल्यात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक बापाकडून. बहुतेक ठिकाणी दोन्ही चालतात. काही ठिकाणी शरीर एकच चालू ठेवतं. दुसरीवर मिथाइल नावाच्या रसायनाच्या बारीक खुणा असतात. खूण असली की ती प्रत बंद. पोट भरलं हे मेंदूला कळायला ज्या जागेची मदत लागते, तिथे आईची प्रत बंद असते आणि बापाची चालू. हिच्या दोन्ही प्रतींवर आईचीच खूण आहे. दोन्ही बंद."

"म्हणजे हिला पोट भरलेलं कळतच नाही?" सुनेने विचारलं.

"नाही. कितीही खाल्लं तरी ती उपाशीच असते. मारून, ओरडून जाणार नाही ते."

मी मध्ये बोलले. "आईची खूण सापडली ना? तेवढं लिहून द्या."

"लिहून कशाला हवं?"

"मुलाचं दुसरं करायचं आहे."

सून माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिने पोरीची चप्पल नीट केली.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "एक प्रत बापाकडूनच आली आहे, ते तपासून झालंय," त्या म्हणाल्या. "मग तिच्यावर आईची खूण का राहिली, ते शोधायचं आहे. मुलाचं आणि सुनेचं रक्त लागेल. आणि तुमचंही."

"घ्या," मी बाही वर केली. "आमच्यात काही निघायचं नाही."

दुसऱ्या निकालाला मुलगाही आला होता. डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन रेघा काढल्या. सुनेच्या रक्तात काही नव्हतं. माझ्या दोन प्रतींपैकी एकीत एक बारीकसा तुकडा नव्हता, आणि तीच प्रत मी मुलाला दिली होती. पुरुष आपल्या आईकडची प्रत मुलाला देतो, तेव्हा तिच्यावरची आईची खूण आधी पुसावी लागते. त्या पुसण्याला तो तुकडा लागतो.

मला कागद कळला नाही, पण गोष्ट कळली. धक्क्यावरून मासळी आणायला आमच्या बर्फाच्या पेट्या असतात. प्रत्येकीचा रंग ठरलेला, माझा हिरवा. पेटी दुसरीच्या हातात गेली की तिने आधीचा रंग खरवडून आपला मारायचा. माझ्या मुलाने माझी पेटी तशीच पुढे दिली. खरवडायला हातात पत्राच नव्हता. पोरीकडे सुनेची पेटी आली ती बरोबर आली. दुसरी आली ती माझ्या हिरव्या रंगाची.

"मग मला काही का झालं नाही? ह्याला का नाही?"

"तुम्हाला ती तुमच्या आईकडून आली असणार आणि ह्यांना तुमच्याकडून. आईकडची तिथे बंदच असते, त्यामुळे काही बिघडत नाही. पुरुषाने पुढे दिली की बिघडतं." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला भाऊ आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

"होते, वारले ते," सून म्हणाली. "त्यांची पहिली मुलगी अशीच होती. आईंनीच सांगितलंय मला."

पोर टेबलावरच्या कागदाचा कोपरा चघळत होती. सुनेने तो तिच्या तोंडातून काढला आणि विचारलं, "ह्यांनी दुसरं लग्न केलं असतं तर?"

"बायको कुणीही असो, प्रत्येक मुलामागे निम्मा धोका तोच. कधी लागोपाठ चांगली मुलंही होतात."

भावाची ती दोन धडधाकट पोरं. तो निकाल नव्हता. दोनदा नाणं बरोबर पडलं होतं, एवढंच.

डॉक्टरीणबाईंनी स्वयंपाकघराला कुलूप लावायला सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी सुनेने लावलं आणि किल्ली गळ्यात बांधली. दुपारी मी जेवायला बसले. ताट आलं नाही.

"ठाकुर्लीला जाऊन या," ती म्हणाली. "त्यांना सांगा. मग वाढते."

मी मुलाकडे बघितलं. तो फोनमधून डोकं न काढता म्हणाला, "आये, जाऊन ये."

मी गेले. वहिनी एका चाळीत भाच्याकडे राहते. दारात बसून लसूण सोलत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिने एकदाही थांबवलं नाही.

"म्हणजे माझं काही नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं. आमच्या आईकडून आलं. भावाकडून पोरीला."

"आणि पोरीचं?"

"तिचंही नाय. तिला पोट भरलेलं कळायचंच नाय."

तिने पाकळी सोलून वाटीत टाकली. "तू सांगितलेलंस, बाय, हातावर उलथणं ठेव म्हणजे सवय सुटंल. ठेवलं मी. तापवून ठेवलं. दोन्ही हातांवर डाग होते तिच्या. शेजारच्या हळदीला जेवली ती पोट फुटेस्तोवर जेवली. दुसऱ्या दिवशी गेली. मी काय म्हणले म्हाईत आहे? सुटले एकदाची."

तिने पुढची पाकळी घेतली.

"आता तू सुटायला आलीस होय?"

"सुनेने पाठवलं."

"नायतर आली नसतीस."

"नसते आले."

"मग झालं तुझं काम," ती म्हणाली. "जा." पाणीसुद्धा विचारलं नाही. मीही मागितलं नाही.

घरी आले तेव्हा चार वाजले होते.

"काय म्हणाल्या?" सुनेने विचारलं.

"जा म्हणाली."

सुनेने कुलूप काढलं. नातीला आणि मला एकदमच वाढलं. एक भाकरी, एक वाटी कालवण, दुधी. दोघींना सारखंच. पुन्हा कुलूप लावलं. नातीचं ताट दोन मिनिटांत पुसून झालं आणि ती माझ्यासमोर सरकून बसली. "आजी, थोडं," ती म्हणाली. मग परत म्हणाली. सून दाराला टेकून माझ्या हाताकडे बघत होती.

मी दिलं नाही. पोर माझा प्रत्येक घास डोळ्यांनी मोजत रडत होती, आणि मी सगळं संपवलं. मला भूक लागली होती.