कतारमधला धबधबा

सपाट जमिनीवर गिर्यारोहण करणारा जगात एकच माणूस असेल, आणि तो म्हणजे दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट भागात राहणारे आमचे काका. हे मी जरा भीतभीतच लिहिते आहे, कारण मी जग फारसं पाहिलेलं नाही. माझे बाबा एसी दुरुस्त करायचे, आम्ही दोह्याच्याच नजमा भागात एका खोलीत राहायचो, आणि घरात कॉलेजपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. तरी काकांसारखा दुसरा कुणी असेल असं वाटत नाही. काका नाशिकचे, इंजिनिअर, तरुणपणी सह्याद्रीतले गड पालथे घातलेले. नोकरी मात्र अशा देशात, जिथे सगळ्यांत मोठी चढण म्हणजे उड्डाणपूल. मग काका उड्डाणपुलालाच घाट म्हणायचे आणि तो आला की गाडीतला एसी बंद करायचे, "चढावर इंजिनाला त्रास नको." भाजी आणायलाही ट्रेकिंगचे बूट आणि खांद्यावर दोरी. "काका, इथे दोरी कशाला?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "लागत नाही म्हणून आज दोरी सोडली, की उद्या माणूस सोफ्यावरून उठत नाही." काका आमच्या नात्यातले नव्हेत; बाबा एकदा त्यांचा एसी दुरुस्त करायला गेले, आणि तेव्हापासून शुक्रवारच्या सुट्टीतल्या मोहिमेत आम्ही दोघंही ओढले गेलो. बाबा सवयीने "साहेब" म्हणायचे. "मोहिमेत साहेब नसतो हो!" काका ओरडायचे, "फक्त पुढचा आणि मागचा!"

फुटबॉल वर्ल्ड कपसाठी तेव्हा अर्धं दोहा खणून ठेवलं होतं. खणलं की खालून खारं पाणी वर यायचं, आणि ते उपसून लांब वाळवंटात सोडायचं हे काकांचं काम. तिकडे एका मोठ्या पाइपातून पाणी दगडांच्या कडेवरून खाली पडायचं. काका त्याला धबधबा म्हणायचे.

"पाइप आहे तो," काकू म्हणायच्या.

"पाणी वरून खाली पडतं ना? मग!"

काकू इगतपुरीच्या, त्यामुळे धबधब्याच्या बाबतीत त्यांना फसवणं अवघड होतं. इतकी वर्षं वाळू बघून त्या कंटाळल्या होत्या, मुलगी मराठीत उत्तर देत नव्हती, आणि मार्चमध्ये तिला घेऊन कायमचं नाशिकला जायचं त्यांनी ठरवलं होतं. त्यावरून घरात रोज भांडण. शेवटी काकांनी एवढंच मागितलं, "एकदा धबधबा बघ. मग जायचं की नाही ते सांग."

जानेवारीत आम्ही पाच जण निघालो. पाइपापर्यंत टँकरचा सरळ रस्ता होता, तरी काकांनी तासभर चालायचं अंतर ठेवून गाडी आधीच उभी केली. गाडीने पोहोचता येतं तो धबधबा नव्हे, असं त्यांचं मत. एक टँकरवाला थांबून म्हणाला, "आओ भाई, बैठो." काकांनी हात जोडून नकार दिला. "बाबा, देअर इज अ रोड!" काकांची मुलगी वैतागली. "रस्ता सगळ्यांसाठी असतो गं," काका म्हणाले, "आपण ट्रेकर." मधूनमधून काका थांबून कानामागे हात धरायचे, "आता आवाज येईल बघ."

आवाज आलाच नाही. पोहोचलो तेव्हा पाइप कोरडा होता. खाली चिखल, थोडी लव्हाळी आणि एक पांढरा पक्षी. काकांनी साइटवर फोन लावला. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलत होता, त्यामुळे आम्हालाही ऐकू आलं, "सर, उधर का काम खलास. कल पंप बंद किया."

काका दगडावर बसले. बाबांनी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांना दिसलीच नाही. मग काकू शेजारी जाऊन बसल्या.

"अहो, किती उंचावरून पडायचं?"

काकांनी हात डोक्याच्या वर नेला.

"आणि आवाज? इगतपुरीसारखा?"

"नाही गं. बारीक. असा..." आणि काकांनी तोंडाने आवाज काढला, गाल फुगवून, डोळे मिटून, बराच वेळ. मुलगी "बाबा, प्लीज!" म्हणत हसत सुटली. काकू मात्र समोरच्या कोरड्या पाइपाकडे बघत शेवटपर्यंत ऐकत होत्या.

परतताना गाडीत त्या हळूच म्हणाल्या, "मी जाणार आहे. पण आता भांडून नाही जाणार."

काकांनी मान डोलावली. त्यानंतर त्यांनी गाडी इतकी हळू चालवली, की मागून येणारे वाळूचे ट्रक एकेक करून आम्हाला ओलांडून गेले, आणि दोहा लवकर यावं असं गाडीतल्या कुणालाच वाटत नव्हतं.